पेट स्कॅन आणि मधुमेह: आदल्या दिवशीच्या नाश्त्यापासून स्कॅननंतरच्या पहिल्या घासापर्यंत

पेट स्कॅनची वेळ घेतली की हातात एक छापील कागद पडतो. त्यावर सहसा एकच ओळ ठळक असते: सहा तास उपाशी राहून या. मधुमेह नसलेल्या माणसाला तेवढं जवळजवळ पुरतं. मधुमेह असलेल्याला पुरत नाही. त्या सहा तासांच्या आधी ताटात काय होतं, सकाळची गोळी घेतली की नाही, इन्सुलिन कोणतं टोचलं आणि किती वाजता, या सगळ्यावर त्याचा स्कॅन नीट निघणार की परत यावं लागणार हे ठरतं. रिकाम्या पोटी चुकीची गोळी गेली तर स्कॅन राहतो बाजूला, रुग्णच रिक्षात घामाघूम होतो.

इथे मुख्यतः एफडीजी पेट-सीटीबद्दल, म्हणजे एफडीजी नावाचं औषध शिरेतून देऊन होणाऱ्या पेट स्कॅनबद्दल लिहिलं आहे, कारण खाण्याची सर्वांत कडक तयारी याच स्कॅनला लागते आणि कर्करोगाच्या तपासणीत तोच सर्वाधिक होतो. सोनोग्राफी, सीटी, एमआरआय, बोन स्कॅन यांचे नियम बरेच सोपे आहेत. ते शेवटी थोडक्यात दिले आहेत.

शुगरचा आकडा इतका का बघतात

एफडीजी हे ग्लुकोजच्याच बनावटीचं औषध आहे. त्याला फ्लोरिन-१८ हा किरणोत्सर्गी अणू जोडलेला असतो. शिरेतून दिल्यावर पेशी ते ग्लुकोज समजून आत घेतात, पण पुढे पचवू शकत नाहीत, म्हणून ते तिथेच अडकून राहतं. ज्या पेशी जास्त साखर ओढतात, उदाहरणार्थ गाठीतल्या पेशी, त्या चित्रात ठळक दिसतात. रक्तात आधीच साखर भरपूर असेल तर पेशींच्या त्याच दारांवर गर्दी होते, औषधाला जागा मिळत नाही आणि गाठ फिकी दिसते.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे आणि ते घरी सहसा कुणी समजावून सांगत नाही. इन्सुलिन स्नायू, हृदय आणि चरबी यांची दारं उघडतं. शरीरात इन्सुलिन चढलेलं असताना एफडीजी दिलं तर औषध मांड्या, खांदे, हृदय यांच्यात शिरतं. चित्रात सगळे स्नायू चमकतात आणि जे बघायचं ते मागे पडतं. म्हणूनच सकाळी शुगर २४० दिसली म्हणून घाईने इन्सुलिन टोचून आकडा १५० वर आणणं हा उपाय नाही. मीटरवर आकडा छान दिसतो, चित्र मात्र बिघडलेलं येतं. शुगर खाली हवी आणि त्या वेळी ताजं इन्सुलिनही नको, या दोन्ही गोष्टी एकत्र साधायच्या असतील तर कामाला आदल्या दिवसापासूनच लागावं लागतं.

बहुतेक केंद्रं औषध देण्याच्या वेळी शुगर २०० च्या आत असावी असं सांगतात. काही जण १५० च्या आत पसंत करतात. २०० च्या वर गेली तर थांबवून ठेवतात किंवा दुसरी तारीख देतात.

यात केंद्राचा आडमुठेपणा नसतो. फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटं आहे. म्हणजे दर पावणेदोन-दोन तासांनी औषध निम्मं होत जातं. ते सायक्लोट्रॉन नावाच्या यंत्रात त्याच दिवशी बनतं, गाडीने केंद्रावर येतं आणि प्रत्येक रुग्णाचा डोस त्याच्या वेळेनुसार मोजलेला असतो. देशातलं पहिलं वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. आज ते अनेक शहरांत आहेत, पण घड्याळाचं गणित तेच राहिलं आहे. तुमचा डोस उद्यासाठी ठेवता येत नाही.

वेळ घेतानाच बोलून घ्यायच्या गोष्टी

पहिला प्रश्न: हा एफडीजी पेटच आहे ना? प्रोस्टेटसाठी होणारा पीएसएमए पेट ग्लुकोजवर चालत नाही. त्याला साधारणपणे उपास लागत नाही आणि शुगरच्या आकड्याने चित्र बिघडत नाही. डोटाटेट नावाच्या पेटचंही असंच; फक्त तिथे काही केंद्रं थोडा वेळ खाऊ नका म्हणतात. हृदयाच्या सूजेसाठी, म्हणजे सार्कोइडोसिससारख्या आजारात, एफडीजीच वापरतात पण आहार आणखी कडक असतो: पिष्ट (कार्बोहायड्रेट) अजिबात नाही, स्निग्ध भरपूर आणि मग बारा किंवा त्याहून जास्त तास उपास. तो आहार मधुमेही माणसाने केंद्राच्या लेखी सूचनेशिवाय घरच्या घरी ठरवू नये.

मग आपली बाजू सांगा. मधुमेह आहे, किती वर्षांचा आहे, फक्त गोळ्या की इन्सुलिनही, गेल्या चार दिवसांतली उपाशीपोटीची शुगर किती, क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचा रक्तातला आकडा, किती. केमो चालू असेल आणि त्यासोबत डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड मिळत असेल तर ते आवर्जून सांगा. स्टेरॉइडने एरवी १४० असणारी शुगर ३०० वर जाते आणि नेमकी तारीख त्याच आठवड्यात पडलेली असते.

वेळ मागून घेता येते, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. फक्त गोळ्यांवर असाल तर सकाळी दहा ते बाराच्या दरम्यानची वेळ बरी. जेवणाआधी इन्सुलिन घेत असाल तर बहुतेकांना दुपारी एकनंतरची वेळ सोयीची पडते. का ते पुढे येईलच. पहिल्या टाइपच्या मधुमेहात आणि इन्सुलिन पंपावर असलेल्यांना अगदी सकाळची पहिली वेळ जास्त सोपी जाते, कारण पंप रात्रीच्या सेटिंगवर ठेवून स्कॅन उरकता येतो आणि नाश्ता नंतर करता येतो.

उपाशीपोटीची शुगर सलग तीन-चार दिवस २०० च्या वर असेल तर तारखेच्या दिवशी नशीब आजमावू नका. लगेच मधुमेहाच्या डॉक्टरांना दाखवा आणि स्कॅन सांगणाऱ्या डॉक्टरांनाही कळवा. आधी शुगर खाली आणायची की स्कॅन थांबवायचा नाही, हा निर्णय आजाराच्या घाईवर ठरतो. तो त्या दोघांनी मिळून घ्यावा.

आदला दिवस: ताटातून काय काढायचं

समजा बुधवारी सकाळी अकराला औषध देणार आहेत. तर मंगळवारच्या नाश्त्यापासून पिष्ट आणि साखर कमी करायची. यामागे दोन हेतू आहेत. शुगर सपाट राहावी, आणि शरीरातलं इन्सुलिन उतरून हृदय नि स्नायू ग्लुकोजऐवजी चरबीवर चालू लागावेत.

इथे सर्वाधिक होणारी चूक अशी की माणसं नेहमीचा मधुमेहाचा आहारच चालू ठेवतात. ज्वारीची भाकरी, नाचणीचं आंबील, ओट्स, मोड आलेली मटकी, एक सफरचंद. रोजच्यासाठी यातलं बरंचसं चांगलं आहे, कारण त्याने शुगर हळू चढते. पण हळू चढली तरी ती पिष्टच आहे. ज्वारीच्या पिठात वजनाच्या सुमारे ७० टक्के पिष्ट असतं. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढंच. मधुमेहाला चालतं आणि पेटला चालतं या दोन वेगळ्या याद्या आहेत, एवढं एका दिवसापुरतं पक्कं धरा.

अंदाजासाठी काही आकडे. एका मध्यम पोळीत १५ ते २० ग्रॅम पिष्ट, वाटीभर भातात २५ ते ३०, मध्यम केळ्यात २५ च्या आसपास, पेलाभर दुधात १०, वाटीभर घट्ट वरणात साधारण १५. म्हणजे नेहमीच्या एका जेवणातच ७०-८० ग्रॅम सहज होतात. या दिवशी अख्ख्या दिवसात त्याहून कमी व्हायला हवेत.

बंद करायचं ते असं: भात, पोळी, भाकरी, पाव, पोहे, उपमा, इडली-डोसा, वरण, आमटी, उसळी, पिठलं, बटाटा, रताळं, सुरण, बीट, मका, गाजर जास्त प्रमाणात, सगळी फळं, दूध, फळांचा रस, शहाळं, मध, गूळ, साखर. पीठ पेरून केलेली भाजीसुद्धा नको, कारण बेसन निम्म्याहून जास्त पिष्टच असतं. रोजच्या भाजीतला गुळाचा खडाही त्या दिवशी बाजूला ठेवा. तो इतका सवयीने पडतो की घरात विचारलं तर भाजीत गोड काही नाही असंच उत्तर येतं.

शुगर-फ्री लिहिलेली बिस्किटं मैद्याची असतात. त्यांच्यात साखर नसते, पिष्ट मात्र पूर्ण असतं. मधुमेहासाठी म्हणून मिळणाऱ्या पौष्टिक पावडरींचंही तसंच.

आता काय खायचं. मांसाहारी घरात हे सोपं आहे. नाश्त्याला दोन अंड्यांचं ऑम्लेट, त्यात थोडा कांदा, मिरची, कोथिंबीर, पाव नाही. दुपारी १५० ग्रॅमच्या आसपास चिकन किंवा मासा आणि दोन वाट्या पालेभाजी किंवा फळभाजी, सोबत काकडी. मासा तळताना रवा किंवा तांदळाचं पीठ लावू नका. हळद, तिखट, मीठ, कोकमाचं आगळ लावून तव्यावर थोड्या तेलात परता. आगळ घ्या, कोकम सरबत नाही, त्यात साखर असते. ओल्या नारळाचा रस्सा चालतो, फक्त तो भाताशिवाय खायचा आहे. चिकनच्या रश्श्यात बटाटा घालू नका.

शाकाहारी माणसाची अडचण खरी आहे, कारण आपली शाकाहारी प्रथिनं बहुतेक डाळींतून येतात आणि डाळ म्हणजे पिष्टही. त्या दिवसापुरता भार पनीर आणि टोफूवर टाका. नाश्त्याला १०० ग्रॅम पनीरची भुर्जी, कांदा कमी, ढोबळी मिरची जास्त. दुपारी पालक-पनीर, घरी केलेलं. हॉटेलचं टाळा, त्यात काजूची पेस्ट, कॉर्नफ्लोअर आणि कधी साखरही असते. रात्री फ्लॉवर, दुधी, दोडका, पडवळ, कोबी, भेंडी, वांगं यातलं काही तेलावर परतून, वर दोन चमचे दाण्याचं कूट किंवा ओलं खोबरं. दही अर्धी वाटी चालेल, गोड नसलेलं. मधे भूक लागली तर आठ-दहा बदाम किंवा छोटी मूठभर शेंगदाणे. त्याहून जास्त दाणे नकोत. त्यांच्यातही पिष्ट असतं आणि रिकाम्या पोटी पित्त होतं.

चहा-कॉफी संध्याकाळपर्यंत बिनसाखरेची, दुधाचे दोन चमचे टाकून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र वरची प्रथिनांची मात्रा तशीच घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी जेवढी ठरवून दिली आहे त्यातच बसवा आणि भाज्यांवर पोट भरा.

रात्रीचं जेवण आठच्या सुमारास उरका आणि पोट भरेल एवढं जेवा. उद्या तपासणी आहे म्हणून हलकंच खाते, असं म्हणून सूपवर झोपलेल्या माणसाची शुगर पहाटे खाली जाते. याच्या उलट काही जण आदल्या दिवसापासूनच कडकडीत उपास धरतात. त्याने स्कॅन जास्त चांगला निघत नाही. यकृत स्वतःच साखर सोडत राहतं आणि गोळ्यांवर असलेला माणूस अडचणीत येतो. चतुर्थी किंवा एकादशी त्या दिवशी आली तर उपासाचं ताट सर्वांत वाईट: साबुदाणा, वरई, रताळं, खजूर, केळं, सगळं पिष्ट आणि साखर. उपास मोडायचा नसेल तर पनीर, दही, काकडी, दाणे एवढ्यावर राहता येईल का बघा, नाहीतर तारीखच बदलून घ्या.

खाण्याशिवाय आणखी एक गोष्ट. मधुमेह असलेली माणसं नेमाने चालतात, योगासनं करतात. स्कॅनच्या आधीचे २४ तास मात्र जोरात चालणं, जिना चढउतार, जिम, घरातलं जड सामान हलवणं बंद. मेहनत केलेले स्नायू दुसऱ्या दिवशीही साखर ओढत राहतात आणि चित्रात उगाच चमकतात. सकाळचा फेरफटका एक दिवस चुकला तरी चालेल.

गोळ्या आणि इन्सुलिन

हा भाग डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचा आहे, पण काय विचारायचं ते माहीत असलं तर बोलणं पाच मिनिटांत होतं. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या घेऊन जा. नुसतं पांढरी गोळी नि पिवळी गोळी सांगून उपयोग नाही, कारण आपल्याकडे बऱ्याच गोळ्या जोडीच्या असतात. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत असणं तर अगदी नेहमीचं. एक बंद करा, दुसरी चालू ठेवा असं डॉक्टर म्हणाले आणि दोन्ही एकाच गोळीत असल्या तर घरी गोंधळ होतो. ते तिथेच विचारा.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या गोळ्या शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात, खाल्लं असो वा नसो. रिकाम्या पोटी यांनीच शुगर धोकादायक खाली जाते. शिवाय त्या इन्सुलिनमुळे एफडीजी स्नायूंत जाण्याचीही शक्यता असते. स्कॅनच्या सकाळी ही गोळी घ्यायची का, हा तुमचा पहिला प्रश्न असू द्या. काही केंद्रं नेहमीच्या गोळ्या चालू ठेवा असं सरसकट सांगतात. त्यात ही गोळी येते का हे नाव घेऊन विचारा.

मेटफॉर्मिनने शुगर सहसा खाली कोसळत नाही. पण या औषधाने आतडी एफडीजी जास्त ओढतात आणि पोटाचा भाग उजळून निघतो, त्यामुळे आतड्याजवळचा आजार शोधायचा असेल तर तो झाकला जाऊ शकतो. अशा वेळी ४८ तास आधी मेटफॉर्मिन बंद ठेवायला सांगतात. फुप्फुसासाठी किंवा मानेसाठी स्कॅन असेल तर बहुधा याची गरज नसते. आपल्या मनाने बंद करू नका. दोन दिवस गोळी नाही म्हणून शुगर २०० च्या वर गेली तर हाती काहीच लागणार नाही.

डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, म्हणजे ज्यांच्या नावाचा शेवट ग्लिफ्लोझिन असा होतो त्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर काढतात. पिष्ट बंद, वर लांब उपास आणि शरीरात ही गोळी, असं एकत्र आलं की रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) साचून आम्लता वाढू शकते. सर्वांत फसवी गोष्ट म्हणजे तेव्हा मीटरवर शुगर १५०-१८० अशी साधीच दिसते. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप लागणं, विलक्षण थकवा ही लक्षणं दिसली तर शुगर बरी आहे म्हणून थांबू नका, सरळ रुग्णालयात जा. शस्त्रक्रियेआधी या गोळ्या तीन-चार दिवस बंद करतात. स्कॅनच्या आहारासाठी कधीपासून थांबवायच्या हे आठवडाभर आधी विचारून ठेवा. हा प्रश्न आदल्या रात्री विचारून उपयोग होत नाही.

इन्सुलिनचं गणित तासांवर चालतं. जेवणाआधी घेतात ते झटपट काम करणारं इन्सुलिन आणि एफडीजी यांच्यात किमान ४ तास हवेत. साधं, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन असेल तर ६ तास. म्हणूनच दुपारची वेळ सोयीची: सकाळी सातला नाश्ता आणि नेहमीचं इन्सुलिन, त्यानंतर फक्त पाणी, आणि एकनंतर एफडीजी. केंद्राची सहा तासांची अटही यात बसते. हा नाश्ता पिष्ट कमी असलेला असेल तर इन्सुलिनची मात्रा तीच ठेवायची की कमी करायची, हे आधी ठरवून घ्या. नेहमीची मात्रा दोन पोळ्यांसाठी बेतलेली असते आणि ऑम्लेटवर तीच टोचली तर शुगर नक्की उतरणार.

३०-७० सारखं मिश्र इन्सुलिन सकाळ-संध्याकाळ घेणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावं. त्यात दीर्घकाळ काम करणारा भाग असतो आणि त्याचा जोर दुपारभर टिकतो, म्हणून स्कॅनच्या सकाळी ते घेऊन एफडीजी देणं टाळतात. अशांना सहसा सकाळची लवकरची वेळ देऊन त्या दिवसाचा डोस स्कॅननंतरच्या जेवणावर ढकलतात. रात्रीच्या लांब पल्ल्याच्या इन्सुलिनची वेळ किंवा मात्राही डॉक्टर बदलू शकतात. पण पहिल्या टाइपच्या मधुमेहात इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, कोणत्याही स्कॅनसाठी नाही. काही तास जरी इन्सुलिनशिवाय गेले तरी कीटोन साचायला लागतात.

स्कॅनची सकाळ

उठल्यावर शुगर बघा. हात साबणाने धुऊन, कोरडे करून. बोटाला फळाचा रस किंवा साखर लागलेली असेल तर आकडा खोटा चढतो. १०० ते १८० दिसली तर निश्चिंत निघा. २०० च्या वर असेल तर घरातून निघण्याआधी केंद्राला फोन करा. काही वेळा ते भरपूर पाणी पिऊन थोडं हळू चालायला सांगतात आणि तासाभराने पुन्हा बघतात, काही वेळा वेळ पुढे ढकलतात. जास्तीचं इन्सुलिन मात्र त्यांना न विचारता टोचू नका. रात्री काही न खाता पहाटे शुगर चढलेली दिसणं मधुमेहात नेहमीचं आहे. पहाटेच्या हार्मोनांनी यकृत साखर सोडतं. रात्री चोरून खाल्लं असेल म्हणून घरच्यांनी रागावू नये.

साधं पाणी मात्र हवंच. निघेपर्यंत आणि वाटेत मिळून तीन-चार पेले. लिंबूपाणी, ओआरएस, इलेक्ट्रॉल, बडीशेपेचं पाणी नाही. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजाराने पाण्यावर मर्यादा असेल तर तीच पाळा. रक्तदाब, थायरॉइड वगैरेंच्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर घेता येतात.

सकाळी तोंडात नकळत जाणाऱ्या गोष्टी बऱ्याच असतात. खोकल्याचं गोड औषध, खडीसाखर, चघळायची गोळी, मुखवास, सुपारी, च्युइंगगम, साखर घातलेला इसबगोल. आणि देवाला नमस्कार करून निघताना हातावर ठेवलेली साखर किंवा पेढा. प्रसाद कागदात बांधून घ्या, स्कॅन झाल्यावर खा. यातलं काही खाल्लं गेलंच तर केंद्रावर सांगून टाका. त्यांना वेळ थोडी पुढे-मागे करता येते.

रुग्ण आधीच दाखल असेल तर आणखी एक गोष्ट बघा: सलाइनच्या बाटलीवर काय लिहिलं आहे. डीएनएस (डेक्स्ट्रोज घातलेलं सलाइन) किंवा ५ टक्के डेक्स्ट्रोज असेल तर ५०० मिलिच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं, ते थेट रक्तात जातं. रुग्ण तोंडाने सकाळपासून उपाशी आणि शिरेतून साखर चालू, हा घोळ वॉर्ड आणि स्कॅन विभाग यांच्यात निरोप न पोचल्याने होतो. नळीने आहार चालू असेल तर तो कधी थांबवायचा तेही आदल्या संध्याकाळी विचारा.

पिशवीत ठेवा: ग्लुकोमीटर आणि पट्ट्या, गोळ्यांची यादी, जुने रिपोर्ट, साखरेची छोटी डबी, स्कॅननंतरचा डबा आणि स्वेटर किंवा शाल. शाल हवीच. गारठलं की मानेभोवतीची एक प्रकारची चरबी उष्णतेसाठी साखर जाळू लागते आणि नेमकी मानेच्या गाठींच्या जागी चमकते. थांबायच्या खोलीतला एसी मे महिन्यातही कडक असतो.

शुगर खाली गेली तर

घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलणं अडखळणं. लगेच शुगर बघा. मीटर नसेल तर शुगर उतरली आहे असंच धरा. ७० च्या खाली असेल तर स्कॅनचा विचार बाजूला ठेवून तीन चहाचे चमचे साखर अर्ध्या पेल्यात विरघळवून प्या. ती साधारण १५ ग्रॅम होते. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. चॉकलेट किंवा पेढा यासाठी बरा नाही, त्यातल्या स्निग्धाने साखर उशिरा रक्तात उतरते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, त्याला कुशीवर वळवून रुग्णालयात न्या.

मग केंद्राला कळवा. बहुधा वेळ पुढे जाईल. तारीख जाईल या भीतीने साखर न घेता तसंच बसून राहणारी माणसं असतात, विशेषतः बाहेरगावाहून आलेली, ज्यांनी राहण्याची सोय एका रात्रीपुरतीच केलेली असते. असं करू नका. स्कॅन दुसऱ्या दिवशीही होतो. उतरलेल्या शुगरने मेंदूला इजा झाली तर ती भरून येत नाही.

औषध टोचल्यावर आणि नंतर

औषध दिल्यावर साधारण तासभर शांत पडून राहायचं असतं. फोनवर बोलणं, मोबाइलवर टाइप करणं, काही चघळणं नको. जे स्नायू हलतात ते चमकतात. पाणी प्या आणि टेबलावर जाण्याआधी लघवीला जाऊन या. या तासातही शुगर उतरू शकते. लक्षण जाणवलं की सांगा, संकोच नको.

स्कॅन संपल्यावर केंद्राने जायला सांगितलं की लगेच खा, पण घरून आणलेलंच. दहा-पंधरा तासांच्या उपाशी पोटी बाहेरच्या वडापाव-चहावर तुटून पडलं की शुगर तासाभरात ३०० जवळ जाते. नेहमीचं साधं जेवण, दोन पोळ्या, भाजी, वरण, आणि त्या जेवणाचं इन्सुलिन किंवा गोळी त्याच्याबरोबर. सकाळची चुकलेली आणि दुपारची अशी दुहेरी गोळी घेऊ नका. रात्री झोपताना एकदा शुगर बघा. दिवसभर पाणी भरपूर प्या आणि पुढचे सहा-एक तास लहान बाळं नि गरोदर बायका यांच्या फार जवळ बसू नका.

बाकीच्या तपासण्या

पोटाच्या सोनोग्राफीला ६ ते ८ तास उपाशी ठेवतात, कारण खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतला खडा नीट दिसत नाही. इथे शुगरच्या आकड्याने चित्र बिघडत नाही, आणि आदल्या दिवशी पोळी-भात बंद करायचीही गरज नाही. रात्री नीट जेवा, सकाळची पहिली वेळ घ्या, दुधाचा चहा नको, जेवणाची गोळी-इन्सुलिन नाश्त्याबरोबर घ्या. गरोदरपणातल्या सोनोग्राफीला उपास लागत नाही. गरोदरपणातला मधुमेह असेल तर तर मुळीच उपाशी जाऊ नका.

रंगद्रव्याचं इंजेक्शन देऊन होणाऱ्या सीटीला काही केंद्रं चार तास उपाशी ठेवतात, काही ठेवत नाहीत. मधुमेहींसाठी इथे खाण्यापेक्षा क्रिएटिनिन महत्त्वाचं. मूत्रपिंडाचं काम, म्हणजे रिपोर्टवरचं ईजीएफआर, ३० च्या खाली असेल किंवा मूत्रपिंडाला नुकतीच इजा झाली असेल तर मेटफॉर्मिन इंजेक्शनच्या वेळेपासून ४८ तास थांबवतात आणि पुन्हा क्रिएटिनिन बघूनच सुरू करतात. ३० च्या वर असेल तर केंद्रागणिक पद्धत वेगळी. तिथल्या डॉक्टरांना विचारा.

साध्या एमआरआयला उपास नसतो. पित्तमार्गाच्या एमआरआयला चार ते सहा तास असतो. इन्सुलिन पंप एमआरआयच्या खोलीत नेता येत नाही, आणि दंडावरचा शुगरचा सेन्सर काढावा लागेल का हे वेळ घेताना विचारा, म्हणजे ऐनवेळी महागडा सेन्सर वाया जाणार नाही.

बोन स्कॅन आणि मूत्रपिंडाच्या डीटीपीए स्कॅनला उपाशी राहायचं नसतं. नेहमीसारखं जेवा, गोळ्या घ्या, पाणी भरपूर प्या. स्कॅन या शब्दाला घाबरून या तपासण्यांनाही रिकाम्या पोटी येऊन चक्कर येणारी माणसं रोज दिसतात. हृदयाच्या स्ट्रेस थॅलियमला मात्र चहा, कॉफी, कोला, चॉकलेट हे सगळं १२ ते २४ तास आधी बंद ठेवावं लागतं. तिथे अडचण साखरेची नसून कॅफीनची असते, म्हणून बिनसाखरेचा कोरा चहाही चालत नाही.